तिसऱ्या गिअरचं दुखणं

"डावं चार, उतार, लगेच उजवं तीन," मी वाचलं आणि वहिनीनं गाडी चौथ्यातून तिसऱ्यात आणली. वळण जेमतेम अर्धं झालं असेल, तोच पायाशी खट्ट आवाज आला, इंजिन किंचाळल्यासारखं झालं आणि गाडी मोकळी सुटली. तिसरा गिअर निसटला होता.

उतार होता, रस्ता जांभ्याचा, वर लाल मातीचा थर. अशा जागी गिअरचा आधार गेला की गाडी नुसती वाहत जाते. आम्ही वळणाच्या बाहेर फेकल्या गेलो, उसाच्या खोडव्यात दोन चाकं गेली, काचेवर ढेकळं आदळली. वहिनीनं ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकदम सांभाळून गाडी रस्त्यावर घेतली, तळहातानं ढकलून तिसरा परत टाकला आणि हेल्मेटमधल्या माईकवर शांतपणे म्हणाली, "पुढं वाच."

मी पुढं वाचलं. टप्पा संपेपर्यंत तो गिअर आणखी दोनदा निसटला.

ही रॅली गगनबावड्याच्या अलीकडच्या डोंगरात होती, शनिवार-रविवार. उसाचा हंगाम ऐन भरात होता. गाडी चालवणारी माझी वहिनी, त्रिशला मगदूम, आणि तिच्या डाव्या हाताला मी, चारुशीला, मांडीवर नोट्सचे कागद घेऊन. नणंद-भावजयीची जोडी म्हणून आम्हांला बघायला बायका घरातली कामं टाकून बांधावर येऊन उभ्या राहत. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येक टप्पा आधी सावकाश फिरून वळणन् वळण लिहून काढायचं, कुठलं किती आवळतंय त्याला आकडे द्यायचे, आणि प्रत्यक्ष शर्यतीत शेजारच्यानं ते वाचत जायचं. चालवणारा रस्ता बघतो, वाचणारा कागद बघतो. वाचणाऱ्यानं मान वर केली की ओळ चुकलीच म्हणून समजा.

गाडी दादाची. म्हणजे भरतेशदादाची, माझ्या थोरल्या भावाची. इचलकरंजीत आमचे माग आणि सुताला खळ लावायचं सायझिंग. मुंबईच्या कुणा दोस्ताकडून त्यानं ही दोन दारांची, बुटकी, पिवळीजर्द परदेशी स्पोर्ट्स कार हौसेनं घेतली आणि महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं की तिच्यात शिरायचं तर पोट बाहेर ठेवून यावं लागतं. वहिनी निपाणीची. माहेरी तंबाखूच्या शेतात लग्नाआधीच जीप हाणलेली. तिनं एक दिवस किल्ली मागितली आणि नंतर परत दिलीच नाही. दोन वर्षांत आसपासच्या सगळ्या रॅल्यांमध्ये पिवळ्या गाडीचं नाव झालं. त्या दिवाळीनंतर तिनं कमरेपर्यंतचे केसही कापून मानेपर्यंत आणले. हेल्मेटमध्ये त्रास होतो म्हणाली. आईनं आठवडाभर अबोला धरला, पण झाली गोष्ट होऊन गेली होती.

मी त्या गाडीत कशी आले तेही सांगायला हवं. माझं लग्न साताऱ्याला झालं होतं आणि तीन वर्षांत मोडलं. का, ते या गोष्टीत नको. मी परत आले आणि माडीवरच्या खोलीत बसले. खाली दिवसभर माग चालायचे, त्या आवाजात कुणाशी बोलावंच लागत नसे आणि मला तेच बरं वाटे. असं वर्ष गेलं. वहिनीच्या शेजारी बसणारा दादाचा एक मित्र होता, त्याला डोंगरात उलट्या व्हायच्या, त्यानं हात जोडले. मग वहिनी माडीवर आली. सांत्वन नाही, काही नाही. तिनं विचारलं, मोठ्यानं वाचता येतं का. मी म्हटलं, येतं. पंचगंगेकडच्या मोकळ्या रस्त्यावर तिनं माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि गाडी सोडली. मी वाचलं. तिनं गाडी थांबवली, ऐकू आलं नाही म्हणाली, परत. पुन्हा वाचलं, पुन्हा थांबली. असं करत करत शेवटी मी कांद्याच्या बाजारभावाची बातमी इतक्या जोरात ओरडून वाचली की बांधावरची म्हैस बिथरली. वहिनी म्हणाली, एवढा आवाज पुरे. दुसऱ्या दिवसापासून डावी सीट माझी.

तर शनिवारी संध्याकाळी आम्ही साखर कारखान्याच्या आवारात आलो. गाड्यांच्या दुरुस्तीची सोय तिथंच केली होती. दस्तगीरमामा आमची वाट बघत होते. दस्तगीर मुल्ला हे दादाच्या सायझिंगचे जुने मिस्त्री. स्पोर्ट्स कार आल्यापासून तीही त्यांच्याच गळ्यात पडली होती. दिवाळीनंतरच्या रॅलीत पहिल्यांदा तिसरा निसटायला लागला तेव्हा त्यांनी आधी तेल बदललं, मग दांड्याखालचं लिंकेज घट्ट केलं. भागलं नाही, तेव्हा गिअरबॉक्स उतरवला. जानेवारीत परत तेच. तेव्हा मुंबईहून नवीन फोर्क मागवून घातला. कोल्हापुरातला एक जाणकार म्हणाला होता की या गाडीचं मॉडेलच असं, गिअरबॉक्स नाजूक, ही दुखणी निघतच राहणार. मामांनीही ते बऱ्यापैकी खरं मानलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी गिअरबॉक्स तिसऱ्यांदा खाली घेतला. दादा शेजारी लोखंडी खुर्ची टाकून बसला होता. कंटाळला होता बिचारा. दोन शर्यती या एका गिअरनं घालवल्या होत्या, आणि माणसं तोंडावर हसून मागं म्हणत होती की बायकांच्या हातात असली गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. त्याला बायकोला कुणी नावं ठेवलेली खपत नसत, आणि तिला अडवायचं धाडसही नव्हतं. त्यानं मधला मार्ग काढला होता. पुण्याचे सबनीस म्हणून एक शौकीन गृहस्थ उद्या रॅली बघायला येणार होते, गाडी त्यांना पसंत पडली तर रॅलीनंतर परस्पर देऊन टाकायची. वहिनीनं हे ऐकलं आणि चहाचा पेला खाली ठेवला.

मामांनी फोर्क बाहेर काढून कापडानं पुसला आणि आम्हांला दाखवला. दोन शिंगांचा लोखंडी तुकडा तो. गिअरचा दांडा हलवला की हा फोर्क आत गिअर सरकवतो आणि मग त्यानं बाजूला नुसतं बसून राहायचं. एका महिन्यापूर्वी नवाकोरा घातलेल्या त्या फोर्कची शिंगं एका बाजूनं चाटल्यासारखी झिजली होती.

मामा बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "वैनी, एक विचारू काय? राग मानायचा नाही."

"विचारा की."

"गिअर टाकल्यावर हात दांड्यावर ऱ्हातो काय तुमचा?"

त्यांचं म्हणणं असं होतं, की मॉडेल नाजूक असेलही, पण फोर्क इतक्या लवकर अशा बाजूनं झिजायला त्यावर सतत भार हवा. गिअर पडल्यावरही कुणी दांड्यावर हात टेकवून ठेवला, तर आत फोर्क फिरत्या चकतीवर दाबून धरला जातो आणि घासत राहतो. टॅक्सीवाल्यांना ही सवय असते. शर्यतीत आपला निम्मा वेळ तिसऱ्यात जातो, म्हणून तिसराच जातो.

वहिनी लगेच म्हणाली, "नाही ओ मामा. दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात माझे. एवढं कळतं की मला."

मामांनी मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं. दादानंही बघितलं. मी शेजारीच बसते, मला माहीत असणार, असं त्यांना वाटलं. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. दोन हंगाम मी त्या दांड्यापासून वीतभर अंतरावर बसत होते आणि एकदाही तिकडं बघितलेलं नव्हतं. मी म्हटलं, माझे डोळे कागदावर असतात, मी बघितलं नाही. वहिनी तोवर कारखान्याच्या नळाकडं हात धुवायला निघून गेली होती.

दुसरा फोर्क जवळ नव्हता. मामांनी झिजलेल्या शिंगांवर पितळेचा थर चढवून, कानशीनं घासून तोच परत बसवायचं ठरवलं. उद्यापुरता टिकेल म्हणाले, पण त्याच्यावर भार देऊ नका.

आमची राहायची सोय कारखान्याच्या अतिथिगृहात होती. खोलीत गेल्यावर वहिनी म्हणाली, हा अंगरखा घामानं चिकटलाय, जरा बाही ओढ. शर्यतीचा तो जाड पोशाख खरंच घामानं भिजला होता. मी डावी बाही ओढली तशी तिनं दात आवळले. पिन टोचली का विचारलं तर हो म्हणाली. त्या पोशाखाला पिन नसते. पण मी दमले होते, मला उद्याचा लांब टप्पा डोळ्यांपुढं दिसत होता, मी अंथरुणावर बसून नोट्स उजळायला घेतल्या.

रविवारी सकाळचे दोन्ही टप्पे चांगले गेले. पितळ टिकलं होतं. आमच्या गटात आम्ही दुसऱ्या होतो आणि पहिल्या नंबरची कोल्हापूरची जोडी फार पुढं नव्हती. राहिला शेवटचा, सगळ्यात लांब टप्पा. शनिवारी आम्ही तो एकदा काढला होता, त्याआधी सरावाला चारपाच वेळा. माझा तो पाठ होता. सुरुवातीच्या रेषेवर आमच्या पुढची गाडी धूळ उडवत गेली, तिची धूळ बसायची वाट बघत आम्ही थांबलो, आणि तेव्हा माझ्या मनात आलं की आज मला कागदाची गरज नाही. मामांच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल.

झेंडा पडला. पहिला, दुसरा, तिसरा. मी म्हणत होते, "उजवं चार, लांब, पुढं डावं तीन," आणि हेल्मेटमधून तिरप्या नजरेनं खाली बघत होते.

वहिनीचा डावा हात दांड्यावर होता. तिसरा पडून कितीतरी वेळ झाला होता तरी तिथंच होता. पण टॅक्सीवाला ठेवतो तसा आरामात ठेवलेला नव्हता. जड सामान दमून कुठंतरी टेकवावं तसा तो टेकवला होता. प्रत्येक गचक्याला त्याचा भार दांड्यावर येत होता. मग डावं वळण आलं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढायला लागणार होतं. वहिनीनं आधी खांदा वर केला, मग खांद्याच्या मागून हात ओढत वर नेला, आणि हेल्मेटच्या फटीतून तिचा जबडा मला दिसला. एवढ्या लहान अंतरासाठी कुणाचा जबडा इतका आवळत नाही.

तेव्हा एकामागून एक सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. दिवाळीनंतर कापलेले केस. कमरेएवढ्या केसांची वेणी घालायला दोन्ही हात डोक्यामागं न्यावे लागतात. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचे डबे गुपचूप खालच्या फळीवर आले होते, पोरांना घेता यावेत म्हणून, असं ती म्हणाली होती. दोरीवर कपडे वाळत घालायचं काम तिनं धाकट्या जावेवर, सुमतीवर सोपवलं होतं. आम्हांला वाटलं, रॅलीच्या नादात वहिनीचं घरात लक्ष नाही. आणि कालची ती पिन.

हे आठवण्यात माझी एक ओळ गेली. "डावं दोन, आवळतंय," मी ओरडले तेव्हा वळण तोंडावर आलं होतं. वहिनीनं ते घेतलं, पण पुढच्या उतारावर तिसरा निसटला. खट्ट. इंजिन किंचाळलं. तिनं तळहातानं दांडा ढकलला, तो आत गेला नाही, दुसऱ्यांदा ढकलताना तिच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. माईकवर तो थेट माझ्या कानात आला.

मी कागद पायाशी टाकले आणि तिच्या हातावर माझा उजवा हात ठेवला. "हात काढ, वहिनी."

"काय करतीयस तू?"

"हात काढ. स्टिअरिंगवर ठेव, खाली, दुखणार नाही असा. तू क्लच दाब."

पुढं वळण होतं, वाद घालायला वेळ नव्हता. तिनं हात काढून स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवला. क्लच दबल्याचं मला इंजिनच्या आवाजावरून कळलं. मी दांडा तिसऱ्यात सरकवला आणि बाहेर येऊ पाहणारा तो गिअर उतार संपेस्तोवर जागेवर धरून ठेवला. फोर्कचं पितळ घासत असणार, घासू दे म्हटलं. आज संध्याकाळपर्यंतच टिकायचं होतं त्याला.

पहिली चारपाच वळणं आमचं जमलं नाही. ती "आता" म्हणायची तोवर माझा हात एकतर आधी जायचा नाहीतर उशिरा. एकदा गिअरचे दात असे करकरले की मामा इथं नाहीत तेच बरं असं वाटलं. मग एका चढावर तिनं "आता" म्हटलंच नाही आणि तरी माझा हात बरोबर गेला. वळणं मला पाठ होती. पुढं काय आहे हे तिच्याआधी मला ठाऊक होतं, तेव्हा गिअर कधी बदलायचा हे तिनं कशाला सांगायला हवं. मी म्हणायचे, "उजवं दोन," आणि म्हणता म्हणता दुसरा तयार. तिचा पाय क्लचवर पडायचा, माझा हात चालायचा, तिचा उजवा हात गाडी वळवायचा. एका गाडीत दोन बायकांचं मिळून एकच माणूस झाल्यासारखं झालं. बांधावर उभ्या असलेल्या लोकांना पिवळी गाडी नेहमीसारखीच गेली असं दिसलं असेल. आत मी मोठमोठ्यानं वळणं ओरडत होते आणि, आता सांगायला हरकत नाही, मला भयंकर मजा येत होती.

शेवटची रेषा ओलांडून आम्ही वेळ नोंदवायच्या रांगेत थांबलो. पुढं तीन गाड्या होत्या. वहिनीनं इंजिन बंद केलं. तिला हेल्मेटचा पट्टा सुटेना, तो मी सोडला. तिच्या कपाळावर लाल धुळीची रेघ उमटली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. फराळाची कढई उतरवताना कळ आली, मग गेलीच नाही."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, तुझ्या दादांना सांगू नकोस. आज एवढं झालं, एक महिना विश्रांती घेते, आपोआप बसेल. मी म्हटलं, आपोआप बसणारं असतं तर चार महिन्यांत बसलं असतं, आणि गाडी काय, दादा ती आज विकायलाच निघालाय. एका गाडीसाठी कुणी हात निकामी करून घेतं का.

वहिनी समोरच्या गाडीच्या मागच्या काचेकडं बघत राहिली.

"गाडीचं नाही गं," ती म्हणाली. "माझा दिवस जातो. मला पोरं आहेत, सायझिंगचं बघायचं असतं, माहेर आहे. रॅली नाही झाली तर मी दुसरं काहीतरी करीन. मी सीटवरनं उतरले असते तर तू कुठं गेली असतीस? परत माडीवर?"

गोष्टीत असं वाचलं की डोळ्यांत पाणी येतं. माझ्या डोळ्यांत नाही आलं. मला राग आला. चांगलाच आला.

"मी आजारी आहे का?" मी म्हटलं. "दोन वर्षं झाली, वहिनी. मी काय अजून तिथंच बसलीय असं वाटतं तुला? आता इतका वेळ गिअर कुणी टाकले?"

ती माझ्याकडं बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझा राग उतरायला हवा होता, पण उतरला नाही. रांग पुढं सरकली, आम्ही वेळ नोंदवली. आमच्या गटात आम्ही दुसऱ्याच राहिलो, पहिल्या जोडीच्या अगदी जवळ. मग मी दार उघडून तडक चालत दादाकडं गेले.

दादा, दस्तगीरमामा आणि ते पुण्याचे सबनीस उसाच्या रसाचे पेले घेऊन उभे होते. सबनीस सभ्य माणूस. त्यांनी आधी आमचं अभिनंदन केलं. मामांनी पितळाचं विचारलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की गिअरबॉक्सचं एरवी काही दुखणं नाही, दुखणं वहिनीच्या खांद्यात आहे, हात उचलवत नाही म्हणून तो दांड्यावर टेकतो, आणि उद्याच्या उद्या तिला सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडं न्यायचं.

मामांनी पेला खाली ठेवला. "तरीच," एवढंच म्हणाले.

दादा आधी गाडीकडं बघत राहिला. वहिनी अजून आतच बसली होती. तो माणूस हिशोबी, पण वाईट नाही. म्हणाला, मला बोलली असती तर मी काय खाल्लं असतं काय तिला. मग सबनीसांकडं वळून म्हणाला की झालं, आता तर प्रश्नच मिटला, गाडी तुम्ही घेऊन जा.

"गाडी द्यायची नाही," मी म्हटलं.

"अगं, आता चालवणार कोण?"

"मी."

दादा हसला. चेष्टेनं नव्हे, त्याला खरंच तो विनोद वाटला. मला गाडी चालवता येत होती, परवाना होता, बाजारातून भाजी आणण्याइतपत. शर्यत वेगळी.

"दादा, आज शेवटच्या टप्प्याला तिसरा गिअर निसटल्यावर पुढं प्रत्येक वेळी मी टाकलाय. दुसराही. स्टिअरिंग एवढं शिकायचं राहिलंय. ते वहिनी शिकवील."

त्यानं मामांकडं पाहिलं. मामा म्हणाले की फोर्क मी परत मागवतो, बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. सबनीस बराच वेळ गाडीभोवती फिरले होते, त्यांना ती फार आवडली होती हे दिसत होतं. तरी ते म्हणाले, मगदूमसाहेब, एक हंगाम थांबतो मी, घाई नाही. तो हंगाम संपल्यावर त्यांनी पत्र पाठवलं, त्याच्या पुढच्या वर्षी फोन केला, आणि मग विचारायचं सोडून दिलं.

पुढचं थोडक्यात. डॉक्टर म्हणाले खांदा गोठलाय, बायकांमध्ये या वयात होतं, बरा होतो पण सावकाश आणि रोज व्यायाम केला तरच. वहिनी देवघराशेजारच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर नेत असे, दर आठवड्याला जरा वर. तोवर मी पंचगंगेकडच्या रस्त्यावर शिकत होते. माझ्या पहिल्या रॅलीत मी गाडी एका हरभऱ्याच्या शेतात घातली आणि शेतकऱ्यानं आम्हांला हरभरे खायला दिले. दुसऱ्या रॅलीत शेवटून दुसरी आले. त्यानंतर मात्र नीट जमायला लागलं. डाव्या सीटवर वहिनी. हात पूर्ण बरा झाल्यावर मी तिला तिची जागा परत घे म्हटलं, तर म्हणाली, इथनं रस्ता जास्त चांगला दिसतो. पुढची सहा वर्षं आम्ही तशाच बसलो. गिअरबॉक्स मामांना त्यानंतर एकदाच उघडावा लागला, तोही साध्या ऑइल सीलसाठी.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो त्या रविवारचा परतीचा रस्ता. गाडी घरी नेणं भाग होतं आणि वहिनीला मी चालवू देणार नव्हते. दादा आणि मामा सामानाच्या टेम्पोतून पुढं गेले. मी उजव्या सीटवर बसले, वहिनी डाव्या. ती माझ्यावर रुसली होती. सगळ्यांसमोर सांगितलं, तेही परक्या माणसासमोर, याचा तिला राग होता आणि तो तिनं लपवलाही नाही. साळवण गाव गेलं तरी एक शब्द नाही. मी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जपून जात होते. एकीनंतर दुसरी, मग बैलगाड्यांची रांग, गुऱ्हाळांचा वास, आणि शेजारी खिडकीकडं तोंड केलेली वहिनी. मला माफी मागायची नव्हती आणि मी मागितली नाही.

कळे गाव मागं पडलं आणि कोल्हापूरकडचा सरळ, मोकळा रस्ता लागला. समोर एकही ट्रॉली नाही. मी चौथ्यातच चालले होते, इंजिन घूं घूं करत होतं, माझं लक्ष नव्हतं. असे दोनतीन मैल गेले असतील.

वहिनी खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "चारू, या गाडीला पाचवा पण गिअर आहे."

मी क्लच दाबला आणि पाचवा टाकला.